आराखड्याचे साधन कसे पारखावे?



घर बांधण्यापूर्वी नकाशा काढतात, तसाच सॉफ्टवेअर लिहिण्यापूर्वी त्याचा आराखडा काढतात. घरच्या संगणकावर आराखडा काढण्याची अनेक साधने मिळतात. त्यांतले कोणते घ्यावे? आमची पद्धत सोपी आहे. जाहिरातीवर जाऊ नये. एकच छोटे उदाहरण प्रत्येक साधनात स्वतः काढून पाहावे.

आपण वर्गाच्या पुस्तकपेटीचे उदाहरण घेऊ. तीन चौकटी काढा: वाचक, पुस्तक आणि नोंद. कोणी कोणते पुस्तक कधी नेले, ते नोंदीत येईल. चौकटी रेषांनी जोडा. अशा चित्रांच्या ठरलेल्या खुणांना यूएमएल म्हणतात. ग्रेडी बूच, जेम्स रम्बॉ आणि इव्हार याकॉबसन या तिघांनी आपापल्या पद्धती एकत्र करून ती घडवली. १९९७ साली ओएमजी या संस्थेने तिला मान्यता दिली.

आता साधनाची परीक्षा घेऊ.

१) बदल : पेटीत एकाच पुस्तकाच्या दोन प्रती आल्या. कोणती प्रत बाहेर गेली हे कळण्यासाठी 'प्रत' ही चौथी चौकट हवी आणि नोंद तिला जोडायला हवी. चौकट सरकवल्यावर रेषा तिच्याबरोबर येते का, ते पाहा. मग 'वाचक' हे नाव बदलून 'सभासद' करा. ड्रॉ.आयओ हे चित्र काढण्याचे साधन आहे; त्यात प्रत्येक चित्रातले नाव आपणच बदलायचे. स्टारयूएमएलमध्ये वाचक ही गोष्ट एकदाच साठवलेली असते, म्हणून नाव एकदा बदलले की सर्व चित्रांत बदलते. प्लँटयूएमएलमध्ये आपण फक्त मजकूर लिहायचा, चित्र संगणक काढतो.

२) देवनागरी : 'पुस्तक' शब्दातला 'स्त' नीट उमटतो का? पडद्यावर पाहून थांबू नका. पीडीएफ करून छापून पाहा, कारण जोडाक्षरे तिथेही फुटू शकतात.

३) बाहेरची वाट : आपला आराखडा दुसऱ्या साधनात उघडतो का? अशा देवाणघेवाणीसाठी एक्सएमआय नावाचा नमुना आहे. पण बऱ्याचदा नावे पोहोचतात आणि मांडणी विस्कटते. प्लँटयूएमएलचा मजकूर मात्र कुठल्याही साध्या संपादकात वाचता येतो.

ही तिसरी परीक्षा आम्ही एकदा घेतली नाही. साधन देखणे होते, आम्ही भुललो. काही वर्षांनी परवान्याची मुदत संपली आणि आमच्याच फायली आम्हाला उघडेनात. कपाटात जुन्या झेरॉक्स सापडल्या, म्हणून काम निभावले. तरी सगळी चित्रे पुन्हा काढावी लागली. दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं! तेव्हापासून आम्ही तिसरी परीक्षा सर्वांत आधी घेतो.

गृहपाठ : 'एका सभासदाला एका वेळी दोनच पुस्तके' हा नियम आपल्या आराखड्यात कुठे लिहाल? आधी कागदावर पेन्सिलने काढा, मग संगणकावर. आईबाबांना तो मराठीत समजावून सांगा. त्यांना कळला, तर आराखडा जमला!

शब्दार्थ
आराखडा – काम करण्यापूर्वी केलेली मांडणी
पारखणे – गुणदोष तपासून पाहणे
परवाना – वापरण्याची परवानगी
भुलणे – वरवरच्या रूपाला फसणे