पाहुणे म्हणून जाताना

(अभ्यासासाठी वाचन : संत लूककृत शुभवर्तमान १०:१-१२)



दरवर्षी ऑक्टोबरमध्ये आपण मिशन रविवार पाळतो. पोप अकरावे पायस यांनी १९२६ साली हा दिवस सुरू केला. आपण डोंगरातली माणसे, आपल्याला मिशन म्हटले की कोणीतरी बाहेरून येणार हेच आठवते. ते खरेही आहे. आल्प्स पर्वताच्या पायथ्याशी असलेल्या अ‍ॅनसी गावी १८३८ साली संत फ्रान्सिस दि सेल्स यांच्या नावाने मिशनरी संघ सुरू झाला आणि त्याचे फादर पुढे नागपूर-वऱ्हाडात आले. १९५५ साली आपला अमरावती धर्मप्रांत झाला. आता मात्र रस्ता उलट दिशेनेही चालू लागला आहे. नव्या ख्रिस्तसभांनी, स्वतःकडे धर्मगुरू कमी असले तरी, आपली माणसे बाहेर पाठवावीत असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ सालीच सांगून ठेवले होते. आज भारतातले कितीतरी फादर व सिस्टर युरोप-अमेरिकेत सेवा करतात आणि काही धर्मग्रामांतले भाविकही परदेशातील भगिनी धर्मग्रामाला भेट देऊन येतात. उद्या आपल्यातून कोणी निघाले तर त्यांनी तयारी काय करावी, हा आजचा विषय.

आधी एक जुना प्रसंग सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी परदेशातून काही पाहुणे आपल्या भागात आले होते. माणसे चांगली होती. एका कोरकू घरासमोर खाटेवर बसून त्यांनी म्हाताऱ्या आजीला विचारले, ‘तुम्हाला कशाची गरज आहे?’ प्रश्न इंग्रजीतून मराठीत आला आणि तिच्या नातवाने तो कोरकूत सांगितला. आजी बराच वेळ बोलली. यंदाचा पाऊस, मेलेली गाय, मुलगी दिलेले गाव, सगळे आले. शेवटी तिने पाहुण्यांनाच विचारले, ‘तुमच्या घरी म्हातारे कोण आहे?’ एवढे सगळे परत इंग्रजीत गेले ते एका वाक्यात : ‘ती फार आनंदात आहे.’ पाहुण्यांनी फोटो काढले आणि गाडी निघाली. आजीच्या प्रश्नाला उत्तर मिळाले नाही.

आपण परदेशी जाऊ तेव्हा त्या गाडीत आपण असू. म्हणून पासपोर्टच्याही आधी भाषेचा विचार करावा.

संत फ्रान्सिस झेवियर १५ ऑगस्ट १५४९ रोजी जपानात कागोशिमा येथे उतरले. सोबत आन्जिरो नावाचा जपानी गृहस्थ होता. गोव्यात त्याचा बाप्तिस्मा झाला होता. त्याच्या सांगण्यावरून झेवियर देवासाठी ‘दाइनिची’ हा शब्द वापरू लागले. पुढे १५५१ च्या सुमारास त्यांच्या ध्यानात आले की हे तर तिथल्या एका बौद्ध पंथाच्या पूज्य बुद्धाचे नाव आहे. तेव्हा त्यांनी तो शब्द टाकला आणि ‘देऊस’ हा लॅटिन शब्द धरला. एवढा मोठा संत, पण उसन्या शब्दावर विसंबल्यामुळे दोन वर्षे लोकांना भलतेच ऐकू गेले. आन्जिरोचा यात दोष नाही, त्याला जेवढे ठाऊक तेवढे त्याने सांगितले.

त्याच जपानात पुढे आपल्या महाराष्ट्रातला एक तरुण गेला. वसईचे संत गोन्सालो गार्सिया. जन्म १५५७ च्या सुमाराचा. लहान वयात ते जेज्वीट फादरांबरोबर जपानला गेले, भाषा शिकले आणि आठ वर्षे धर्मशिक्षकाचे काम केले. जेज्वीट संघात घ्यावे ही त्यांची इच्छा पुरी झाली नाही, तेव्हा ते बाहेर पडून व्यापार करू लागले. पुढे मनिला येथे ते फ्रान्सिस्कन ब्रदर झाले. १५९३ साली फिलिपाइन्सच्या गव्हर्नरचा निरोप घेऊन फादर पेद्रो बाउतिस्ता जपानला निघाले, तेव्हा दुभाषी म्हणून हा वसईकर ब्रदरच सोबत गेला. राज्यकर्ता हिदेयोशी याच्यासमोर त्यांनीच बोलणे केले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या टेकडीवर २६ जणांना क्रुसावर चढवून मारले, त्यांत ब्रदर गोन्सालो होते. २६ पैकी २० जण जपानी होते. वसईचा माणूस त्यांच्यात त्यांच्यासारखा होऊन मेला. १८६२ साली त्या सर्वांना संतपद मिळाले.

दोन आठवड्यांच्या भेटीला जाणाऱ्याने एवढी भाषा कुठून आणावी? नाही येणार. पण नमस्कार, आभार, क्षमा करा, आणि ‘तुमच्या घरी म्हातारे कोण आहे?’ एवढी वाक्ये तीन महिन्यांत कोणालाही पाठ होतात. ‘प्रभूची प्रार्थना’ त्यांच्या भाषेत म्हणता आली तर मिस्सामध्ये आपण बाजूला उभे राहणार नाही. आपल्यातल्या कोरकू बंधुभगिनींना हे समजावून सांगायला नको. घरात एक भाषा, शाळेत दुसरी आणि ऑफिसात तिसरी, असे ते लहानपणापासून करत आले आहेत. निघणाऱ्यांना शिकवायला त्यांनाच बसवावे असे मला मनापासून वाटते.

आता शुभवर्तमान पाहू. प्रभूने शिष्यांना पाठवताना थैली, झोळी घेऊ नका असे सांगितले. गावात गेल्यावर काय करायचे त्याचा क्रमही सांगितला. आधी पुढे वाढलेले खा, मग आजाऱ्यांना बरे करा आणि त्यानंतर देवराज्याबद्दल बोला. जेवण पहिले आहे! यजमानाने बेचव उकडलेले बटाटे वाढले तरी पिशवीतून ठेच्याची बाटली काढू नये. घर बदलत फिरू नका, असेही प्रभू म्हणतो. ज्या कुटुंबाकडे उतरवले तिथेच राहावे, शेजारचे घर मोठे असले तरी.

भेटवस्तूबद्दल. झेवियर फाटक्या झग्यात राजधानीत गेले, तर कोणी दाद दिली नाही. मग यामागुची येथे ते चांगला पोशाख करून, गोव्याहून आणलेली पत्रे आणि घड्याळासारख्या भेटी घेऊन गेले आणि प्रचाराची परवानगी मिळाली. आपणही फादरांचे ओळखपत्र घ्यावे आणि आपल्या चिखलदऱ्याची भाजलेली कॉफी न्यावी. मेळघाटचा मध न्यावासा वाटेल, पण आधी त्या देशाचा नियम विचारावा. न्यूझीलंडमध्ये तो विमानतळावरच काढून घेतील. पासपोर्टची मुदत सहा महिन्यांहून जास्त उरलेली असावी, पुष्कळ देश ते पाहतात.

एक गोष्ट मात्र नेऊ नये : मागण्यांची यादी. छप्पर गळते, शाळेला बाक हवेत, हे खरे असले तरी पहिल्या भेटीत नको. त्यांनी विचारले तर खरे सांगावे, आणि त्यांच्या अडचणीही तितक्याच विचाराव्यात. तिकडची पुष्कळ चर्चे रविवारी अर्धी रिकामी असतात. तिथल्या म्हाताऱ्यांना नातवंडे मिस्साला येत नाहीत याचे दुःख आहे. आपल्याकडे गर्दी आहे म्हणून तिथे फुशारकी मारू नये, त्यांच्याजवळ बसावे.

जे इथेच राहतील त्यांनी स्वतःला रिकामे समजू नये. लिझ्यूची संत तेरेजा मठाबाहेर कुठे मिशनला गेली नाही, तरी १९२७ साली तिला झेवियर यांच्या जोडीने मिशनकार्याची आश्रयदाती ठरवण्यात आले. निघणाऱ्या प्रत्येकाचे नाव एकेका कुटुंबाने वाटून घ्यावे आणि संध्याकाळच्या रोझरीत घ्यावे.

परत आल्यावर पहिल्या रविवारी सगळे फोटो मागतील. ते जरूर दाखवावेत, पण त्याआधी तिथल्या तीन माणसांची नावे सांगावीत, आणि त्यांच्या घरी म्हातारे कोण आहे तेही.