नीट, सीईटी आणि गणित

कारंजा (लाड)

चि. चिऊ,


अकरावीच्या ऑनलाइन फॉर्मचा पहिला भाग भरून झाला, आता कॉलेजांचा पसंतीक्रम टाकायचाय आणि घरात रोज नवं मत निघतंय, असं ताई फोनवर म्हणाली. तुझा प्रश्नही तिनंच पोचवला: ‘मामाला विचार, नीट सोपी की सीईटी?’ बायोलॉजी शिकवण्यात माझा जन्म गेला, त्यामुळे उत्तर देता येईल. पण प्रश्नच जरा बदलून घेऊ.

अमेरिकेत डॉक्टर व्हायचं तर आधी चार वर्षांची पदवी, मग एमकॅट नावाची परीक्षा, मग चार वर्षं मेडिकल. तिकडची मोजकी विद्यापीठं शाळा संपतानाच पदवी आणि मेडिकल असा जोडप्रवेश देतात. त्यासाठी एसएटी द्यावी की एसीटी, यावर तिकडची आपली मराठी पोरंही महिनोन्महिने खल करतात. त्यांचं ठीक आहे, कारण जिथं हे गुण लागतात तिथं साधारण दोन्हींपैकी कोणतीही चालते. जी जमेल ती द्यावी. आपल्याकडं तसं नाही. बारावीनंतर थेट एमबीबीएस, साडेचार वर्षं आणि वर एक वर्ष इंटर्नशिप, आणि तिथं जायला एकच वाट, नीट. सीईटीत राज्यात पहिली आलीस तरी एमबीबीएसची जागा मिळणार नाही. बीडीएस, बीएएमएस, बीएचएमएससुद्धा नीटवरच. सीईटीवर फार्मसी आणि कृषी, म्हणजे आपल्या अकोल्याचं पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ. तेव्हा सोपी कोणती ते राहू दे, तुला जायचं कुठं ते आधी सांग.

पूर्वी असं नव्हतं. मेडिकलही राज्याच्या सीईटीवर होतं. 2013 साली नीट आली, त्याच वर्षी सुप्रीम कोर्टानं ती रद्द केली आणि एप्रिल 2016 मध्ये पुन्हा उभी केली. त्या वर्षी आपल्याकडं मे महिन्यात सीईटी तोंडावर आलेली, आणि पोरं विचारतायत, सर, आता वाचायचं काय? शेवटी केंद्रानं वटहुकूम काढून राज्यांना त्या वर्षापुरती सूट दिली. 2020 पासून एम्स आणि जिपमरच्या वेगळ्या परीक्षाही नीटमध्ये विरल्या. पुण्याच्या लष्करी मेडिकल कॉलेजला, एएफएमसीला, मात्र नीटनंतर इंग्रजी आणि तर्काची आणखी एक परीक्षा आणि मुलाखत असते; मुलींच्या जागा तिथं मोजक्याच.

दोन्ही परीक्षांचा स्वभाव वेगळा. नीट ओएमआर कागदावर, 180 प्रश्न, 180 मिनिटं, 720 गुण. त्यातले 360 बायोलॉजीचे. बरोबर उत्तराला चार, चुकलं की एक कापला. सीईटी कॉम्प्युटरवर, पीसीबी (फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी) गटाला 200 गुण, चुकल्याचे कापत नाहीत, आणि पेपर स्टेट बोर्डावर, मुख्यतः बारावीचा. नीटसाठी एनसीईआरटीची पुस्तकं ओळ न ओळ वाचावी लागतात. माझ्या वर्गातल्या पोरांचं बायोलॉजीत सहसा अडत नाही, गाडी रुतते ती फिजिक्समध्ये. म्हणून क्लास निवडायचाच असेल तर फिजिक्सचा मास्तर पाहून निवड, भिंतीवरचे टॉपरचे फोटो पाहून नको. नीटचा पेपर मराठीतूनही मिळतो, पण अकरावी-बारावी तू इंग्रजीत शिकणार, तेव्हा पेपरही इंग्रजीच घे.

आता राजस्थानातलं कोटा शहर. तुझ्या बाबांच्या मनात ते घोळतंय, म्हणून स्पष्ट लिहितो. सरकारी मेडिकलच्या 85 टक्के जागा राज्याच्या कोट्यातल्या, आणि त्यासाठी साधारण नियमानं दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातूनच पास व्हावी लागते. बारावी राजस्थानातून दिलीस तर उरलेल्या 15 टक्क्यांसाठी साऱ्या देशाशी भांडायचं. एवढी मोठी गोष्ट क्लासच्या जाहिरातीत कुणी छापत नाही. विदर्भातल्या 70 टक्के जागा विदर्भातल्याच पोरांना, असं 70:30 चं संरक्षण होतं तेही 2020 मध्ये गेलं. आता लातूर-पुण्याची पोरं आणि आपली पोरं एकाच यादीत. असं असताना हातातला राज्य कोटा सोडणं मला तरी पटत नाही. आणि 2024 पासून खुद्द वाशिमला सरकारी मेडिकल कॉलेज सुरू झालंय, 100 जागांचं.

‘इंटिग्रेटेड’ म्हणून जे चालतं, नाव एका ज्युनिअर कॉलेजात आणि दिवसभर क्लासमध्ये, तेही मला आवडत नाही. तिथल्या मुली प्रॅक्टिकलच्या वहीत दुसऱ्याची आकृती उतरवतात आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायच्या राहून जातात. वाशिम किंवा अकोल्यातलं, जिथं तास खरोखर होतात असं कॉलेज पहिल्या पसंतीला टाक.

आणि गणित सोडू नकोस. ‘डॉक्टर व्हायचं तर गणित कशाला’ हे ऐकायला गोड लागतं. मागच्या दिवाळीत मळ्यातल्या विहिरीवर सुगरणीचे खोपे पाहून तू मला तासभर पिडलंस: अर्धे खोपे अर्धवट का, मादी कोणता निवडते, कशावरून निवडते. असे प्रश्न पडणाऱ्या मुलीला पुण्याची आयसर ठाऊक असायला हवी. तिथं विज्ञानाची पदवी आणि पदव्युत्तर पदवी पाच वर्षांत एकत्र होते. तिच्या प्रवेशपरीक्षेत 60 प्रश्न, त्यातले 15 गणिताचे, आणि ते सगळ्यांनाच. अकरावीत गणित टाकलंस की ही परीक्षा तू 45 प्रश्नांवर देणार. अभ्यास वाढेल, खरंय. पहिल्या सहामाहीत फारच जड गेलं तर तेव्हा पाहू.

नीटला पहिल्या वर्षी झालं नाही तर रिपीट किती वेळा, हेही आत्ताच तिघांनी बसून ठरवा. नियमात मर्यादा नाही, म्हणून घरानं घालावी. माझ्या मते एक वर्ष, त्यापुढं नाही. निकालाच्या दिवशी कुणाचं डोकं ठिकाणावर नसतं. सीईटी मात्र त्याच वर्षी मनापासून दे, उपकार केल्यासारखी नको. कृषीला गेलेली माझी एक विद्यार्थिनी सोयाबीनच्या रोगांवर काम करते आणि तिच्याशी बोलताना मीच वही काढतो.

फीची काळजी बाबांनी आत्तापासून करू नये. 2024 च्या निर्णयानं आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी मुलींचं व्यावसायिक शिक्षणाचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क सरकार भरतं. प्रवेश मात्र सरकारी फेरीतून हवा. त्याला कागद लागतात आणि कागदांना वेळ. जातपडताळणीचा अर्ज अकरावीतच कॉलेजमार्फत टाकायचा. बारावीच्या निकालानंतर वाशिमच्या समितीपुढं रांग लागते. बाबांना म्हणावं, आजोबांच्या शाळेतून दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा काढून ठेवा. पेरणीला लागले की त्यांना सवड मिळायची नाही, तेव्हा याच आठवड्यात.

तुझा,
मामा