पोट साफ होत नाही : डॉक्टरांकडे केव्हा जावे?

रोज सकाळी शौचास झालेच पाहिजे, असा आपल्याकडे पक्का समज आहे. तो खरा नाही. दिवसातून तीन वेळा ते आठवड्यातून तीन वेळा, यात काहीही नैसर्गिकच. त्याहून कमी वेळा, खडा होऊन, कुंथून होत असेल तर ती बद्धकोष्ठता. पालेभाजी, भाकरी, भरपूर पाणी, चालणे व रात्री पेलाभर पाण्यातून इसबगोल एवढ्यावर बहुतेकांचे भागते. लोहाच्या गोळ्या किंवा कोडीन असलेले खोकल्याचे औषध चालू असेल तर डॉक्टरांना जरूर सांगावे. कारण तेच असू शकते.

मध्यंतरी पंचावन्न वर्षांचे एक दुकानदार आले. आयुष्यभर पोटाची तक्रार नव्हती; सहा महिन्यांपासून मात्र रोज चूर्ण लागे. रक्त पडे, पण मूळव्याध समजून ते मलम लावीत राहिले. वजनही उतरले होते. तपासू देण्यास ते लाजत होते. बोटाने तपासताच गाठ लागली. तुकडा तपासला, गुदाशयाचा कर्करोग निघाला.

म्हणून चाळिशी-पन्नाशीनंतर शौचाची सवय अचानक बदलली, रक्त पडले, वजन घटले, अंगातले रक्त कमी झाले किंवा घरात कोणाला आतड्याचा कर्करोग झालेला असेल, तर चूर्णावर महिने काढू नयेत.

पोट फुगले, उलट्या होताहेत आणि वाराही सरत नाही, अशा वेळी एरंडेल वा एनिमा देऊ नये. रुग्णाला ताबडतोब, रात्र असली तरी, रुग्णालयात न्यावे.