गवत काढून झाडे लावली, तर पाणी वाढेल?

प्रश्न : आम्ही म्हैसूरला राहतो. चामुंडी टेकडीच्या गवताळ उतारावर रुंद पानांची झाडे लावली, तर भूजल वाढेल का?

उत्तर : बहुधा नाही. पानांवर अडकलेल्या पावसाची परस्पर वाफ होते. शिवाय गवत वाळते त्या उन्हाळ्यातही झाडांची खोल मुळे पाणी ओढत राहतात. जेमतेम ८०० मिलिमीटर पावसाच्या म्हैसूरला हा खर्च जाणवणारच. गुरांनी तुडवून जमीन घट्ट झाली असेल तर गोष्ट वेगळी. तिथे मुळे आणि पालापाचोळा पाणी मुरवतात. म्हैसूरजवळचे कृष्णराजसागर धरण भरणारी कावेरीही कोडगूच्या डोंगरांत उगम पावते. तिथे माथ्यावर गवत, घळींत शोला म्हणजे ठेंगणे सदाहरित जंगल असते. त्या गवताला पडीक समजून झाडांसाठी खड्डे खणू नका, ही कळकळीची विनंती.