दाखल्यावर टक्के आहेत, पण काम कोणते?

घरातले दिव्यांग मूल अठरा वर्षांचे झाले की आईवडिलांना एकच घोर लागतो : आता पुढे काय? यूडीआयडी कार्ड असते, त्यावर टक्केवारी असते. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकारच्या दिव्यांगता आहेत आणि 40 टक्के किंवा त्याहून जास्त असल्यास सरकारी नोकरीतील आरक्षणासाठी अर्ज करता येतो. पण शरीरात काय आणि किती उणे आहे, एवढेच तो आकडा सांगतो. मूल कोणते काम करू शकेल, हे व्यवसाय क्षमता तपासणीतून कळते.

केंद्रीय श्रम मंत्रालयाची दिव्यांगांसाठीची केंद्रे ही तपासणी मोफत करतात. मुंबईचे केंद्र 1968 साली सुरू झाले, ते शीव येथे आहे. तिथे वैद्यकीय तपासणी होते, कल व बुद्धी पाहिली जाते आणि प्रत्यक्ष हातकामही करून घेतले जाते. काही संस्थाही अशी तपासणी करतात. तपासणी खरी की नावापुरती, हे आपण असे ओळखावे :

1. प्रश्न मुलाला विचारले का? सगळी उत्तरे आईकडूनच घेतली, तर मुलाचा कल कळत नाही. मूकबधिर मुलासाठी खुणांची भाषा जाणणारी व्यक्ती हवी.

2. हातात हत्यारे दिली का? नुसत्या कागदावरच्या परीक्षेत शाळा किती झाली ते दिसते, हाताचे कसब दिसत नाही. निदान दोन-तीन वेगवेगळी कामे करून पाहायला मिळावीत.

3. साधने वापरू दिली का? श्रवणयंत्र, कुबडी, बोलणारा मोबाइल यांच्यासह जे जमते, ती खरी क्षमता.

4. लेखी अहवाल मिळाला का? त्यात काय जमते, कोणती मदत लागेल आणि प्रशिक्षण कुठे घ्यावे, हे असावे. तो मराठीत समजावून मागा.

5. वस्तीतून तिथवर जाणे, जिने, शौचालय यांचा विचार झाला का?

काही पालकांना भीती वाटते की, काम जमते असे लिहिले तर दाखल्याची टक्केवारी कमी होईल. तसे नाही. टक्केवारी सरकारी रुग्णालयातील डॉक्टर ठरवतात. ही तपासणी वेगळी आहे.

माणसाचा कल न पाहता जन्मावरून काम ठरवणे, हा जातिव्यवस्थेचा मोठा दोष बाबासाहेबांनी दाखवून दिला. दिव्यांग मूल दिसले की न तपासताच मेणबत्त्या आणि अगरबत्त्या त्याच्यापुढे ठेवणे, ही त्याच वळणाची गोष्ट आहे. आवडीने निवडले तर ते कामही चांगले. पण निवड त्याची हवी. मुलींना तर बहुधा तपासणीलाही नेले जात नाही. त्यांना आधी न्या.

येत्या रविवारी विहारात वस्तीतील दिव्यांग तरुण-तरुणींची यादी करा. यूडीआयडी कार्ड, आधार आणि शाळेचे दाखले जमवा आणि चार-पाच घरांनी मिळून केंद्रावर जा.

जय भीम! नमो बुद्धाय!