रक्तातील एएफपी : आकडा वाढला म्हणजे कॅन्सरच का?

मागे एक तरुण जोडपे दोन महिन्यांच्या बाळाला घेऊन आले. सोबत आजीबाई. बाळाची जीभ जन्मतःच मोठी, कानाच्या पाळीवर चीर, एक पाय दुसऱ्याहून जाड. ‘बेकविथ-विडेमान सिंड्रोम’ असे निदान आधीच झाले होते. आजी ग्रहणाला दोष देत होत्या. खरा दोष अकराव्या गुणसूत्राच्या एका भागात असतो.

आईने घडी घालून जपलेला रिपोर्ट पुढे केला. “डॉक्टर, एएफपी ६४० आलाय. दहाच्या आत पाहिजे म्हणतात. कॅन्सर आहे का हो?”

रिपोर्टवर छापलेली दहाची मर्यादा मोठ्या माणसाची होती! एएफपी हे गर्भाचे यकृत तयार करते ते प्रथिन. नवजात बाळाच्या रक्तात ते मिलिलिटरला पन्नास हजार नॅनोग्रॅमच्या आसपासही असते आणि पुढे वर्षभरात मोठ्यांच्या पातळीला येते. या सिंड्रोमच्या मुलांत ते आणखी सावकाश उतरते.

मग तपासायचे कशाला? या मुलांपैकी बहुतेकांना, दहांत नऊंहून अधिक जणांना, गाठ कधीच होत नाही. पण काहींना यकृतात ‘हेपॅटोब्लास्टोमा’ होतो. त्या गाठीच्या अपक्व पेशी पुन्हा एएफपी बनवू लागतात, आणि पोटाला गाठ हाताला लागण्यापूर्वीच आकडा चढू लागतो. लवकर सापडलेली गाठ शस्त्रक्रिया व औषधांनी पुष्कळदा पूर्ण बरी होते.

म्हणून एकट्या आकड्याला घाबरू नये, उतार पाहावा. पहिली काही वर्षे साधारण दर तीन महिन्यांनी, शक्यतो एकाच लॅबमध्ये रक्त तपासावे. किती वर्षे, ते गुणसूत्रातील दोषाच्या प्रकारावरून तज्ज्ञ ठरवतात. आकडा उतरायचा थांबला किंवा चढला, तर लवकर फेरतपासणी आणि सोनोग्राफी.

आणखी एक. या मुलांना मूत्रपिंडाची ‘विल्म्स’ गाठही होऊ शकते. तिच्यासाठी अशी भरवशाची रक्ततपासणी नाही. तेव्हा रक्त चांगले आले म्हणून सोनोग्राफी चुकवणे धोक्याचे. ती सुमारे सात वर्षांपर्यंत दर तीन महिन्यांनी करावी लागते. खर्चाचे व हेलपाट्यांचे ओझे मला ठाऊक आहे, तरीही सांगतो.

सहा आठवड्यांनी त्या बाळाचा आकडा १९० आला. सोनोग्राफीत यकृत, मूत्रपिंडे स्वच्छ. आईने पुढची तारीख रिपोर्टच्या पाठीवर लिहून घेतली.