नाताळासाठीं लांकडी शोभा

शास्त्रपाठ : यशया ४४:९-२०, लूक २:१-२०, मत्तय २:१-१२

यशया संदेष्ट्यानें एका सुताराचें मोठें मार्मिक चित्र रेखाटिलें आहे. तो सुतार रानांतून झाड आणितो, त्यांतील कांहीं लांकडाचा जाळ करून भाकरी भाजितो, थंडींत अंग शेकितो, आणि राहिलेल्या ओंडक्यास आकार देऊन त्याच्यापुढें दंडवत घालितो. झाड एकच, हत्यारेंही तींच. परंतु एका तुकड्याचें सरपण झालें व दुसऱ्याचा देव झाला. नाताळाच्या तयारीविषयीं लिहावयास बसलों असतां हाच अध्याय कां काढिला, असें कोणी विचारील. त्यास कारण घडलें तें सांगतों.

कांहीं वर्षांपूर्वीं एका खेड्यांत आमच्या उपदेशकांच्या घरीं मुलांनीं लांकडाचा देखावा मांडिला होता. मेंढपाळ, मेंढरें, गव्हाण, आणि गव्हाणींत लांकडाचें बाळ. काम मुलांच्या मानानें सुबक होतें, आणि तें पाहावयास सारी आळी लोटली. शेजारच्या एक आजीबाई आल्या. त्यांनीं हात जोडिले, बाळाच्या कपाळीं कुंकवाचें बोट टेकिलें व पुढें खडीसाखर ठेविली. त्यांच्या मनांत केवळ आदर होता. उपदेशकांच्या पत्नी गोंधळून म्हणाल्या, “आजी, हा देव नव्हे बरें.” आजीबाईंनीं सरळपणें विचारिलें, “मग बाई, तुम्हीं हा मांडिला कशासाठीं?” घरांत तीन माणसें शिकलेलीं होतीं, परंतु त्या प्रश्नाचें उत्तर एकासही नीट देतां आलें नाहीं. मला ती गोष्ट कळली तेव्हां मलाही तें चटकन सुचलें नाहीं, हें कबूल करणें बरें.

तेव्हांपासून माझें मत असें झालें आहे कीं, ज्या गांवीं आपल्या मंडळीचे लोक मूर्तिपूजा सोडून फार पिढ्या झालेल्या नाहींत, तेथें गव्हाण करावी, तींत खरें गवत घालावें, आणि ती रिकामी ठेवावी. पाहुणा विचारील, “हींत कोण?” मग लूकाचा दुसरा अध्याय तोंडानें सांगावा. रिकामी गव्हाण प्रश्न विचारावयास लाविते, आणि उपदेशकास ह्याहून दुसरें काय पाहिजे? ह्याविषयीं आपल्यांतील कित्येक बंधूंचें मत निराळें आहे, आणि रोमन कॅथॉलिक मंडळींत तर देखाव्याची चाल फार जुनी आहे. सन १२२३ मध्यें इटलींतील ग्रेच्चो गांवीं असिसीच्या फ्रान्सिसनें नाताळाच्या रात्रीं गवतानें भरलेली गव्हाण, खरा बैल आणि खरें गाढव लोकांपुढें उभें केलें होतें. मीं कोणाचा दोष काढीत नाहीं. मीं आजीबाईंचा प्रश्न विसरूं शकत नाहीं, इतकेंच.

आकृति करणाऱ्यानें शास्त्रपाठही नीट वाचावा. लूकाच्या वर्णनांत गव्हाण आहे, परंतु बैल व गाढव ह्यांचा उल्लेख नाहीं. ते यशयाच्या पहिल्या अध्यायांतील तिसऱ्या वचनावरून पुढें चित्रांत आले असें समजतात. मागी लोक किती होते हें मत्तय सांगत नाहीं. दानें तीन होतीं म्हणून माणसेंही तीन झालीं. शिवाय ते घरांत आले असें तो म्हणतो. तेव्हां बैल कोरूं नये असें नव्हे. मुलांस मात्र सांगावें कीं, हें शास्त्रांत लिहिलेलें आहे व हें आपण हौसेनें केलें आहे.

आतां पोटाची गोष्ट. अशा कामानें चार पैसे मिळतील काय, असें पुष्कळजण विचारितात. एका गांवाचा इतिहास ह्या कामीं पाहण्याजोगा आहे. जर्मनींतील सॅक्सनी प्रांतांत, चेक देशाच्या सरहद्दीस लागून, एर्झगेबिर्ग नांवाचा डोंगराळ मुलूख आहे. नांवाचा अर्थच खनिजांचे डोंगर. तेथील झाइफेन गांवचे लोक कथिलाच्या खाणींत राबत असत. खनिज आटत चाललें तसें त्यांनीं लांकूड कांतण्याचें काम हातीं घेतलें, आणि सन १८४९ मध्यें खाणकाम बंद पडल्यावर सारें गांव लांकडावरच जगूं लागलें. तेथील सन १७७९ चें अष्टकोनी उपासनामंदिर आजही लहान लांकडी प्रतिकृतींच्या रूपानें देशोदेशीं जातें. हातांत मेणबत्ती धरिलेला खाणकरी व तशीच देवदूती ह्या जोडीस तेथें फार मान. घरांत मुलगे किती तितके खाणकरी व मुली किती तितक्या देवदूती खिडकींत ठेवण्याची तेथें चाल आहे. मेणबत्त्यांच्या ऊन हवेनें वरचीं पातीं फिरून खालचा देखावा गोल फिरविणारे मनोरेही ह्याच मुलुखांतले.

त्यांची सर्वांत चतुर युक्ति जनावरें करण्याची. स्प्रूस झाडाच्या ओल्या ओंडक्याची आडवी चकती कापून ती यंत्रावर बसवितात, आणि फिरत असतां हत्यारानें तींत खांचा पाडीत तिचें कडें करितात. कड्याकडे पाहून कांहींच समजत नाहीं. परंतु तें कडें सुरीनें फोडून फांका केल्या कीं प्रत्येक फांक म्हणजे एक बैल किंवा घोडा! एका कड्यांतून साठेक जनावरें निघतात. आपल्याजवळ तें यंत्र नाहीं, पण त्यांतील एक धडा आपल्या उपयोगाचा आहे. फांक फोडितांना लांकडाचे तंतु उभे, म्हणजे जनावराच्या पायांच्या दिशेनें राहतात, म्हणून इतके बारीक पायही मोडत नाहींत. आपले लोक फळीवर मेंढरूं आडवें आंखितात व पहिल्याच दिवशीं चारही पाय गमावितात.

ह्या इतिहासाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. एकोणिसाव्या शतकांत त्या घरांतून लहान मुलेंसुद्धां रात्रीं उशीरापर्यंत रंग देत बसत, आणि भाव ठरवी तो व्यापारी. जगभर मुलांच्या हातीं जाणारीं खेळणीं करणारीं मुलें स्वतः अर्धपोटीं असत. तेव्हां सुबक वस्तु केली म्हणजे घर चालेल असें कोणी समजूं नये.

आपल्याकडेही ही कला परकी नाहीं. सावंतवाडीच्या चितार आळींतील लांकडी फळें व खेळणीं सर्वांस माहीत आहेत. त्यांसाठीं पांगाऱ्याचें हलकें लांकूड वापरीत आले आहेत. पांगारा मऊ असल्यानें शिकाऊ हातास बरा, परंतु त्यास कीड लवकर लागते. ज्यांस पांगारा मिळत नाहीं त्यांनीं गांवच्या सुताराकडे सागाचे किंवा आंब्याचे तुकडे मागावेत. ते बहुधा चुलींतच जावयाचे असतात. मालाच्या जुन्या खोक्यांच्या फळ्याही चालतात. मात्र तेलकट, वासाच्या किंवा औषध मारलेल्या फळ्या घेऊं नयेत. लांकूड वाळलेलेंच असावें. एका वर्षीं आमच्या तरुणांनीं उत्साहाच्या भरांत निंबाची ओली फांदी कापून तारे केले. नाताळच्या संध्याकाळीं पाहतों तों निम्मे तारे मधोमध तडकलेले. मला वाटलें होतें कीं चालेल. म्हणून पावसाळा सरला कीं लांकूड चिरून सावलींत, वारा खेळेल असें, मध्यें काड्या घालून रचावें.

आरंभ ताऱ्यापासून करावा. एक फूट लांब, दोन बोटें रुंद व जितक्या पातळ निघतील तितक्या तीन पट्ट्या घ्याव्या. जमिनीवर खिळा ठोकून दोरीनें वर्तुळ काढावें; त्याच दोरीच्या लांबीनें परिघावर खुणा करीत गेल्यास बरोबर सहा खुणा होतात. समोरासमोरच्या खुणा जोडल्या कीं तीन रेषा मिळतात. त्या रेषांवर पट्ट्या एकीवर एक ठेवून मध्यभागीं गिरमिटानें भोंक पाडावें, सरस लावून लांकडी खुंटी बसवावी, आणि सरस पूर्ण वाळल्यावर सहाही टोकें निमुळतीं करावीं. घाई केली तर टोंकें कापितांनाच पट्ट्या फिरतात. कडा कानशीनें मोडून कांचकागदानें घासाव्या. दारावर टांगावयाचा तारा मोठा करावा व त्यामागें विजेचा लहान दिवा ठेवावा. गवताच्या छपराखालीं किंवा कडब्याजवळ लांकडी ताऱ्यांत मेणबत्ती लावूं नये. हें पुन्हां सांगावें लागणार नाहीं अशी आशा आहे.

झाड करणें ह्याहून सोपें. एका उभ्या काठीस वरपासून खालपर्यंत आळीपाळीनें दोन दिशांनीं भोंकें पाडून, खालीं लांब व वर आंखूड अशा काड्या त्यांतून घालाव्या. सण झाला कीं काड्या काढून सारें एका कापडांत गुंडाळितां येतें.

रंगाविषयीं सावध असावें. गेरू उत्तम, हळदीचा पिवळा रंग उन्हांत उडून जातो. डब्यांतला रंग घेणें झाल्यास शिसें नसलेला घ्यावा; घरगुती रंगांत शिशाचें प्रमाण दहा लक्ष भागांत ९० भागांहून अधिक असूं नये असा नियम सरकारनें सन २०१६ मध्यें केला आहे, कारण शिसें पोटांत गेल्यानें लेंकरांच्या मेंदूस इजा होते. बिनरंगी लांकडास जवसाचें तेल चोळावें, शोभतें. परंतु त्या तेलाचीं फडकीं चोळामोळा करून कोपऱ्यांत टाकूं नयेत. तीं आपोआप तापून पेट घेतात. तीं उघड्यावर पसरून वाळवावींत.

विकावयाचें असेल तर हिशेब आधीं मांडावा. समजा, चाळीस ताऱ्यांस लांकूड, सरस व रंग मिळून दोनशें रुपये लागले. एका माणसाचे दोन दिवस गेले. गांवीं मजुरी रोज पांचशें असेल तर हजार रुपये. चार तारे बिघडले, राहिले छत्तीस. बाराशेंस छत्तिसांनीं भागिलें म्हणजे प्रत्येकीं तेहतीस रुपयांवर कांहीं पैसे. चौतीस रुपयांखालीं विकणारा आपलीच मजुरी फुकट देतो. पुष्कळजण मजुरी धरीतच नाहींत, आणि विशेषतः घरच्या बायकांची तर नाहींच. बाजाराचें भाडें व दुकानदाराचा वाटा ह्यावर वेगळा चढतो. शहरच्या दुकानदारास माल उधार देणें झाल्यास किती नग, कोणत्या भावानें व पैसे केव्हां, हें कागदावर लिहून सही घ्यावी. आमच्या तरुणांनीं एकदां तोंडी बोलण्यावर माल दिला. अर्धे पैसे आले, अर्ध्यांची वाट पाहणें आम्हीं सोडून दिलें.

आणखी एक गोष्ट. शोभेची वस्तु ती शोभेची. पण तींच मेंढरें मुलांचीं खेळणीं म्हणून विकलीं तर कायदा निराळा लागतो. १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह असणें आवश्यक झालें. केंद्र सरकारच्या हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदलेल्या कारागिरांस त्यांतून सूट दिली आहे. म्हणून ज्यांस हा धंदा दरवर्षीं करावयाचा आहे त्यांनीं नोंदणी करून घ्यावी, आणि तोंपर्यंत मेंढरें ताऱ्यांबरोबरच, शोभा म्हणून विकावींत.

न विकलेले तारे वाळल्या निंबाच्या पाल्यांत घालून पत्र्याच्या डब्यांत ठेवावे. भुसा व कोरे तुकडे चुलीस चांगले. त्यांवर भाकरी खुशाल भाजावी. रंग दिलेला तुकडा मात्र चुलींत घालूं नये.